बंद पडलेल्या मॅसी ३५ चे इंजिन: पूर्ण बांधायचे की नुसत्या रिंगा बदलायच्या?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: गोव्यात पेडणे तालुक्यातल्या तुमच्या घरी आजोबांच्या वेळचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर नऊ वर्षे मांगरात (शेतावरच्या शेडमध्ये) उभा आहे, आणि पुढच्या पुलीला पान्हा लावून जोर केला तरी त्याचे इंजिन फिरत नाही. एका मेकॅनिकने लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन, रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि बेअरिंग यांचे पूर्ण किट मागवून इंजिन नव्याने बांधायला सांगितले, तर दुसऱ्याने हेड उघडून रिंगा बदलल्या की काम होईल असे सांगितले. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि यातले किती काम स्वतःच्या हाताने करता येईल, हे तुम्हाला हवे आहे.

माझ्या मते दोघांचेही आज ऐकू नये, कारण दोघांनीही इंजिन उघडून माप घेतलेले नाही. तुमची खरी अडचण किट की रिंगा ही नसून, इंजिन कोणत्या कारणाने अडकले आहे आणि आत किती झीज आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही, ही आहे. मी उसगाव-फोंडा भागात तीसेक वर्षे हे काम करतो. सुरुवातीची वर्षे खाणीच्या ट्रकांची आणि मांडवीतल्या बार्जची इंजिने बांधण्यात गेली, आणि २०१२ साली खाणी थांबल्यावर माझ्या शेडमध्ये पॉवर टिलर, पंप आणि असे जुने ट्रॅक्टर येऊ लागले. एवढ्या काळात सरसकट किट टाकून बांधलेली इंजिने वर्षाच्या आत परत आलेली मी पाहिली आहेत, आणि साठ वर्षांच्या मूळ क्रँकवर (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यावर) नुसते शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल वाट्या) बदलून आजही चिखलणी करणारी इंजिनेही पाहिली आहेत.

आधी इंजिन कोणते आहे ते पक्के करू. तुम्ही तीन नोझल (डिझेल फवारणारे, प्रत्येक सिलिंडरला एक) असल्याचे लिहिले आहे, म्हणजे हे पर्किन्सचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. इंग्लंडमध्ये बनलेल्या ३५ ला १९५९ च्या अखेरीपर्यंत स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसत असे, आणि त्या इंजिनाचा एकही महत्त्वाचा भाग तुमच्या इंजिनाला लागत नाही. पुढे १९६४ मध्ये हे मॉडेल बंद होऊन १३५ येईपर्यंत पर्किन्सच राहिले. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.६ इंच, म्हणजे ९१.४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर, आणि आकारमान अडीच लिटर. याच घराण्याची इंजिने नंतर भारतातही बनली, त्यामुळे सुटे भाग मिळतात ही चांगली गोष्ट आहे. परंतु घराणे एक असले तरी पिस्टनच्या डोक्यावरचा खड्डा आणि पिनपासून डोक्यापर्यंतची उंची वेगवेगळी असू शकते. म्हणून दुकानात ‘मॅसीचे किट द्या’ असे सांगू नका. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक घासून वाचा, जुना पिस्टन सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघा. इंजिन क्रमांकाचा आणखी एक उपयोग असा की तो नोंदणीच्या कागदांवर असतो. कोणी पूर्ण दुसरे इंजिन बसवण्याचा सल्ला दिला, तर आरटीओतली नोंदही बदलावी लागेल.

आता अडकण्याबद्दल. नऊ वर्षांपूर्वी इंजिन चालू स्थितीत बंद करून ठेवले होते की काही आवाज येऊन बंद पडले होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. चालू स्थितीत ठेवले असेल, तर गोव्यात माझ्याकडे आलेल्या अशा इंजिनांमध्ये बहुतेक वेळा पावसाचे पाणी हेच कारण निघाले आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मांगराचे एखादे कौल सरकलेले असते आणि सायलेन्सर उभा असतो. तीन सिलिंडर दोनशे चाळीस अंशांच्या अंतराने काम करत असल्यामुळे इंजिन कुठेही थांबले तरी बहुधा कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा राहतो, आणि सायलेन्सरमधून उतरलेले पाणी नेमके त्याच सिलिंडरमध्ये जाते. तिथे रिंगा लायनरला गंजाने चिकटतात. बाकीचे दोन सिलिंडर कित्येकदा अगदी स्वच्छ निघतात. जुने शेतकरी सायलेन्सरवर तेलाचा पत्र्याचा डबा उलटा ठेवत, तो याच कारणासाठी. तुमच्या ट्रॅक्टरवर तो होता का, हेही विचारून घ्या.

हा ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकण्याचा मोह कृपा करून टाळा. सत्तरी तालुक्यातून माझ्याकडे आलेल्या एका इंजिनावर मालकाने तोच प्रयोग केला होता. इंजिन सुटले आणि सुरूही झाले, पण एक कनेक्टिंग रॉड डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकला, आणि पिस्टन एका बाजूने घासत राहिल्याने नवे लायनरही गेले. त्याऐवजी तिन्ही नोझल काढा, प्रत्येक भोकातून अर्धे डिझेल आणि अर्धे ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल यांचे मिश्रण पन्नास-साठ मिलिलिटर ओता आणि आठवडाभर हात लावू नका. नंतर स्टार्टर काढून त्या जागेतून फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावा आणि दोन्ही दिशांना हलका दाब द्या. एका दिशेला केसभर हलले तर उलट दिशेला हलवा, पुन्हा तेल ओता, पुन्हा थांबा. हे काम दिवसाला दहा मिनिटांचे आहे आणि त्याला जोर नव्हे, सवड लागते. नोझल मात्र बाहेरच राहू द्या. सिलिंडरमध्ये तेल साचलेले असताना भोके बंद करून इंजिन फिरवले तर ते तेल दाबले जात नाही आणि रॉड वाकतो.

तीन आठवड्यांत हलले नाही तर हेड काढा. हेड काढूनही अडकलेलेच असेल, तर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकायचे ते मधल्या उंचीवर असलेल्या पिस्टनवर. जो पिस्टन अगदी वर आहे त्यावर ठोकून काहीही होत नाही, कारण तिथे रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात आणि सगळा मार सरळ बेअरिंगवर जातो.

हेड काढताना पुठ्ठ्याला सहा भोके पाडून पुश रॉड (व्हॉल्व उघडणारे दांडे) ओळीने खोचून ठेवा, म्हणजे प्रत्येक रॉड पुन्हा आपल्याच टॅपेटवर जाईल. हेड निघाले की बोअरच्या वरच्या कडेजवळ आतून नख फिरवून पाहा. वरची रिंग जिथे पोचते आणि परत फिरते तिथे दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी असते, म्हणून झीजही तिथेच सर्वाधिक होते आणि तिच्या वर न झिजलेल्या लोखंडाची एक कड उरते. नख त्या कडेला स्पष्ट अडकले, तर दुसऱ्या मेकॅनिकचा सल्ला तिथेच बाद झाला असे समजा: नवी वरची रिंग चौकोनी धारेची असते, ती त्या कडेवर आपटते आणि तुटते.

पण नखावर निर्णय घेऊ नका. बोअर डायल गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या दिशेने व तिच्या आडव्या दिशेने, अशी सहा मापे घ्या. अगदी खालच्या भागात रिंगा पोचत नाहीत, तेव्हा तिथले माप मूळ माप धरता येते. माझा स्वतःचा आडाखा असा आहे की वर आणि खाली यांतला फरक चार थाऊच्या आत असेल (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), गंजाचे खड्डे नसतील आणि पिस्टनचे खाचे ढिले झाले नसतील, तर हलके होनिंग (आतून बारीक घासणे) करून नव्या रिंगा घालण्यात काही गैर नाही. आठ थाऊच्या पुढे गेले तर लायनर आणि पिस्टन दोन्ही बदलावेत. आणि मधल्या पट्ट्यात ट्रॅक्टरकडून काय काम घ्यायचे आहे त्यावर ठरवावे. वर्षातून दोनदा प्रदर्शनात न्यायचा ट्रॅक्टर आणि केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी चाके) लावून वायंगणाची (उन्हाळी भाताची) चिखलणी करणारा ट्रॅक्टर यांना एकच उत्तर लागू होत नाही. तुम्ही तुमच्या प्रश्नात हे लिहिलेले नाही.

गंजाचा नियम वेगळा आहे. लायनरवरचा डाग होनिंगने जातो, खड्डा जात नाही. रिंगांच्या वाटेत नखाला लागणारा खड्डा असेल तर झीज शून्य असली तरी तो लायनर बदलावा लागेल. या इंजिनाचे लायनर कोरडे असतात, म्हणजे पाणी थेट त्यांना लागत नाही आणि ते ब्लॉकच्या लोखंडात बसवलेले असतात. बाजारात तयार मापाचे आणि बसवल्यानंतर बोअर करावे लागणारे, असे दोन्ही प्रकारचे लायनर मिळतात. कोणता घेतला हे मशीनवाल्याला आधी सांगा. नवी रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी एकटीच लायनरमध्ये घालून, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि फीलर गेजने तिची फट मोजा. बोअरच्या दर इंचामागे तीन ते चार थाऊ हा सर्वसाधारण हिशेब आहे, म्हणजे तुमच्या इंजिनाला साधारण अकरा ते चौदा थाऊ. नेमका आकडा रिंगांच्या पाकिटावर किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तो अंतिम.

आता क्रँक. ‘फिरत होते तेव्हा आवाज नव्हता, मग खाली कशाला जायचे’ असा प्रश्न पुष्कळ लोक विचारतात. नऊ वर्षे उभ्या इंजिनात जुन्या तेलातले आम्ल आणि पाणी खाली बसते आणि जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) काळे-तांबडे डाग पाडते. म्हणून निदान बिग एन्डच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) तीन आणि मेनच्या (क्रँकच्या मुख्य बेअरिंगच्या) एक-दोन टोप्या उघडून पाहाच. शेलचा करडा थर एकसारखा असेल तर उत्तम. तांबे दिसू लागले असेल तर थर संपला आहे. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजा. गोलाई बिघडली असेल तर ग्राइंडिंग करावे लागेल, आणि त्यासाठी, घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारे शेल १०, २० आणि ३० थाऊ अंडरसाइजमध्ये येतात. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी शेल हातात घ्या, मग क्रँक ग्राइंडिंगला द्या. उलट केलेत आणि त्या मापाचे शेल मिळाले नाहीत, तर चांगला क्रँक फुकट जातो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी हंगाम तोंडावर आला म्हणून मी एका ट्रॅक्टरचा क्रँक ओळख नसलेल्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगला दिला. परत आला तेव्हा जर्नल आरशासारखे चमकत होते, मायक्रोमीटरवर माप अचूक होते, आणि मी समाधानाने इंजिन बांधले. दुसऱ्या हंगामात खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) चिखलणी चालू असताना तो क्रँक दुसऱ्या बिग एन्डच्या कोपऱ्यात तुटला. तुटलेला भाग हातात घेतल्यावर कारण दिसले: जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो तिथली गोलाई ग्राइंडिंगच्या चाकाने काटकोनात कापली होती. ती गोलाई शोभेची नसते. क्रँकवर येणारा ताण त्या कोपऱ्यातून वाहतो आणि कोपरा धारदार असला की तिथेच तडा सुरू होतो. मला मालकाला ब्लॉकसह इंजिन भरून द्यावे लागले. तेव्हापासून क्रँक परत आला की मी माप नंतर घेतो, आधी करंगळीचे टोक त्या कोपऱ्यात फिरवतो. हे काम बेळगावात, कोल्हापुरात किंवा जवळपास कुठेही करून घ्या, पण गोलाई राखण्याचे तोंडी नव्हे, कागदावर लिहून द्या. आणि क्रँकचा पृष्ठभाग कठीण केलेला असेल तर ग्राइंडिंगनंतर तो पुन्हा करावा लागेल का, हेही विचारा.

क्रँक काढायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून दुभागावा लागतो, आणि हा भाग एकट्याने करू नये असे मी स्पष्ट सांगेन. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. पुढचा आस इंजिनाला आणि इंजिन मागच्या गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेले आहे, म्हणजे इंजिन हीच चासी. पुढचा आस मध्यभागी एका पिनेवर झुलतो, त्यामुळे मागचा आधार सुटताच पुढचा भाग कुठल्याही बाजूला कलंडू शकतो. आस आणि वरचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू नका, आणि दोन्ही भागांना स्वतंत्र टेकू द्या. बिडाचे ऑइल चेंबरही जड असते. ते उतरवताना खाली जॅक हवा, छाती नव्हे.

ट्रॅक्टर दुभागलाच आहे तर क्रँकच्या मागचे सील बदला. तिथे रबराचे गोल सील नसून दोन अर्ध्या भागांत बसणारी विणलेली दोरी असते. ती नुसती लांबीवर कापून खाच्यात दाबली तर महिन्याभरात तेल गळू लागते आणि क्लच भिजतो. आधी दोरीची दोन्ही टोके खाच्यात बसवावीत, ती दहा ते वीस थाऊ बाहेर राहतील अशी. मग मधला फुगलेला भाग दाबावा आणि गुळगुळीत गोल गज फिरवून दोरी सगळीकडे एकसारखी बसवावी, वर ग्राफाइटचे ग्रीस चोळावे. बाहेर राहिलेली टोके जोडताना एकमेकांवर दाबली जातात आणि सांधा बंद होतो. ती ब्लेडने सपाट कापण्याची हौस अनेकांना असते.

ब्लॉक रिकामा झाल्यावर पाण्याच्या वाटा पाहा. खाजनाजवळच्या शेतात रेडिएटरमध्ये जे पाणी हाताशी असेल ते घालण्याची पद्धत होती, त्यात मचूळ पाणीही आले. बाजूच्या पत्र्याच्या टोप्या काढल्या की शेवटच्या सिलिंडरच्या मागे तांबडा, शिऱ्यासारखा घट्ट गाळ निघतो. पंपापासून ती जागा सर्वांत लांब, म्हणून तो तिथेच बसतो. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून घ्या आणि टोप्या नव्या लावा. हेडची पाण्याच्या दाबावर चाचणी करून घ्या, विशेषतः दोन व्हॉल्व सीटांच्या मधल्या जागेत तडा आहे का ते पाहा. तडा असेल तर हेडवर पुढचा खर्च करू नका. हेड प्लेन करताना कमीत कमी काढा.

डिझेल पंप तुम्ही उघडू नये. या ट्रॅक्टरवर बहुधा फिरत्या पद्धतीचा सीएव्ही पंप असतो. त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते, त्यामुळे टाकीतल्या जुन्या डिझेलचा राळेसारखा थर आत बसला की डिझेलचे प्रमाण ठरवणारा छोटा व्हॉल्व अडकतो. पंप आणि नोझल दोन्ही टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे द्या. नोझलची फवारणी पाहताना कधीही हात पुढे धरू नका. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

मग स्वतः काय करायचे? इंजिन सोडवणे, हेड काढणे, सगळे धुणे, मापे घेऊन वहीत लिहिणे आणि शेवटी शांतपणे जोडणे हे तुम्ही करू शकता, बोअर गेज आणि मायक्रोमीटर उसने मिळाले तर. बोअर, क्रँक, हेड आणि पंप मशीनवाल्यांकडे. काम सरदाचे (पावसाळी) भात घरात आल्यावर, नोव्हेंबरात सुरू करा. पावसात हे काम काढू नये. मी एकदा जुलैत होन केलेला ब्लॉक रात्रभर तेल न लावता ठेवला आणि सकाळी तिन्ही सिलिंडर नारिंगी झालेले पाहिले. धुतलेल्या प्रत्येक भागाला त्याच तासात तेल लागले पाहिजे.

जोडून झाल्यावर टॅपेटची फट थंड इंजिनावर बारा थाऊ ठेवा, गरम इंजिनावर तपासायची तर दहा. सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत स्टार्टरने थांबत थांबत फिरवा. सुरू झाल्यावर तासन् तास नुसते हळू चालवत ठेवू नका. नव्या इंजिनाला जपायचे म्हणून लोक असे करतात, पण भाराशिवाय रिंगा लायनरवर बसत नाहीत, लायनरला काचेसारखी झिलई येते आणि इंजिन तेल खाऊ लागते. पाणी गरम झाले की ट्रेलर जोडा, मध्यम भार द्या, चढावर थोडे ओढू द्या, मग सैल सोडा. पहिल्या दिवसानंतर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळा आणि टॅपेट पुन्हा तपासा. पंचवीस-तीस तासांनी तेल आणि फिल्टर बदला.

तूर्त किट मागवू नका. नोझल काढून तेल ओता, आणि आठवड्याने तीन गोष्टी लिहा: कोणत्या भोकातून गंजाचे पाणी वर आले, फ्लायव्हील किती दाते हलले, आणि ब्लॉकवर कोणता क्रमांक आहे. ट्रॅक्टर शेतात उतरवायचा आहे की नाही तेही लिहा, म्हणजे लायनरचे पुढचे बोलता येईल.